रात्रपाळीचं पाणी

गावात बिबट्यावरून सभा भरली की पहिली मागणी पिंजऱ्याची असते आणि दुसरी आणखी पिंजऱ्यांची. मंडळी उठायच्या बेतात आली की मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणतं, "आन् ते दिवसा लाइटचं तेवढं बघा, साहेब." साहेब मान डोलावतात, वहीत एक ओळ लिहिली जाते, सभा संपते. मी जुन्नर तालुक्यात वायरमन म्हणून नोकरी केली, खांबावर चढता-उतरता केस पिकवले आणि निवृत्तीनंतर कालव्याखालचं थोडं रान कसतो. निम्म्यात ऊस, निम्म्यात कांदा. मागच्या रांगेतली ती मागणी पुढच्या रांगेत आणून बसवावी, एवढ्यासाठी हा कागद काळा करतोय.

ज्यांनी कधी रात्रीचं पाणी भरलेलं नाही त्यांच्यासाठी जरा खुलाशानं सांगतो. शेतीपंपाची थ्री फेज वीज चोवीस तास नसते. साधारण आठ तास मिळते आणि तीही पाळीपाळीनं, काही दिवस दिवसाची, काही दिवस रात्रीची. उरलेल्या वेळात वस्तीवर सिंगल फेज असते. तिच्यावर दिवा-पंखा चालतो, मोटार चालत नाही. रात्रीच्या पाळीत लाइट कधी दहाला येते, कधी बाराला. हल्ली बहुतेकांच्या स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो, त्यामुळे विहिरीवर न जाता मोटार सुरू होते. पण पाण्याला वाट कोण दाखवणार? एक सरी भरली की तिचं तोंड मातीनं बांधायचं, पुढची फोडायची, ती भरेपर्यंत बांधावर थांबायचं, पुन्हा तेच. पहाटेपर्यंत. ज्याला ठिबक परवडलं तो सुटला. बाकीच्यांच्या हातात फावडं, डोक्याला बॅटरी आणि गुडघ्यापर्यंत चिखल.

दोन्ही अंगांना पुरुषभर उंच ऊस असतो. पाचटाची सळसळ आणि पाण्याचा आवाज यांत पलीकडच्या सरीत कुणी खाकरलं तरी ऐकू येत नाही. आणि पाण्याची दारं धरणारा माणूस सगळा वेळ कमरेत वाकलेला असतो. उभ्या माणसाच्या वाटेला बिबट्या सहसा जात नाही, तो बाजूला होतो. वाकलेला माणूस, गवत कापायला बसलेली बाई, अंगणातलं लहान मूल, इथं घोटाळा होतो. रात्रीच्या पाण्याला आपण माणसाला नेमकं त्या आकारात, त्या जनावराच्या हिंडायच्या वेळी, ते जिथं राहतं तिथंच धाडतो. धाडणारं वेळापत्रक सही-शिक्क्यानिशी निघालेलं असतं. या सगळ्या भानगडीत बिबट्याच्या हातात फार थोडं आहे आणि कागदाच्या हातात पुष्कळ, हे माझं म्हणणं.

फ्यूज गेला की आणखी पंचाईत. डीपी असते बांधाला, दोन उसांच्या बेचक्यात. नोकरीत असताना अशा हाकेला मी रात्री-अपरात्री गेलोय. एकदा ओतूरच्या बाजूला शेतकरी खालून बॅटरी धरून उभा होता आणि मी फ्यूजच्या किटकॅटमध्ये तार भरत होतो. प्रकाश हलायला लागला म्हणून मी वैतागून खाली बघितलं, तर त्याचा हात लटपटत होता. पलीकडच्या बांधावर मादी उभी होती, तिच्या मागं मांजराएवढं नाही, पण कोकराएवढं पिल्लू. तिनं आमच्याकडं बघितलं, पिल्लाला पुढं घातलं आणि चालत उसात शिरली. गुरगुरली नाही, पळाली नाही. मी तार आवळली, फेज टाकला. मोटार धरली. शेतकरी म्हणाला, "आप्पा, ती गेली तिच्या वाटंनं. पण मला हितंच पाच वाजेस्तोवर पाणी भरायचंय."

ती उसात शिरली म्हणजे घरी गेली, ही गोष्ट पुण्यात बसून पटत नाही आणि खरं सांगायचं तर आमच्या गावातही पटत नाही. "जंगलातून आलेत, जंगलात नेऊन सोडा," हेच सगळीकडे. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे अशी धरणं झाली, कालवे फुटले आणि जिथं आमचे आजोबा बाजरी-मटकी घेत तिथं ऊस उभा राहिला. आडसाली ऊस दीड वर्ष रानात असतो. आत सावली, गारवा, जवळ पाणी आणि माणसाची फारशी ये-जा नाही. खायला वस्तीवरची कुत्री, शेळ्या, कोंबड्या, डुकरं. आजच्या बिबट्यांच्या कित्येक पिढ्या इथंच जन्मल्या. त्यांच्यापैकी अनेकांनी घाटमाथ्याचं दाट रान बघितलेलंही नसेल.

हे माझं अडाणी मत नव्हे. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतशिवारात कॅमेरे लावून बिबटे मोजले. 2013 साली ते छापून आलं. राखीव जंगल नसलेल्या, भरपूर लोकवस्तीच्या त्या भागात शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच बिबटे निघाले. पुढच्या वर्षी त्यांनी विष्ठा तपासून बिबट्या काय खातो त्याचा हिशेब मांडला. वजनाच्या मापानं 87 टक्के खाणं पाळीव जनावरांचं होतं, त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के. शेळ्या 11 टक्के, आणि शेळ्या तर त्या भागात कुत्र्यांच्या सातपट होत्या. शेळी रात्री आत असते, कुत्रं बाहेर असतं, एवढा साधा मामला.

म्हणून 2025 च्या डिसेंबरात वनमंत्री गणेश नाईक यांचं शेळ्यांचं गणित ऐकलं तेव्हा आमच्या पारावर बराच वेळ हशा चालला होता. चार माणसं दगावली की एक कोटीची भरपाई द्यावी लागते, त्यापेक्षा एक कोटीच्या शेळ्या जंगलात सोडा, म्हणजे बिबट्या वस्तीत येणार नाही, असं ते गणित. सोडलेली शेळी दिवस कलला की गावाची वाट धरते, हे ज्यानं एक शेळी पाळली त्याला ठाऊक असतं. आणि ती जंगलातच राहिली असं धरलं तरी आमचा बिबट्या जंगलात नाहीच. तो उसात आहे. मंत्र्यांना हसणं सोपं आहे, तेही कबूल. त्यांच्यावर रोज नवा उपाय सांगायची वेळ आलीय, कारण जुना उपाय सगळ्यांना हवाय आणि तो चालत नाही.

जुना उपाय म्हणजे पकडा आणि लांब सोडा. तो इथंच करून झालाय. 2001 पासूनची दोन-तीन वर्षं जुन्नर भागात बिबटे धडाधड पकडले आणि दुसऱ्या रानांत नेऊन सोडले. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. ही मोहीम सुरू झाल्यावर ती सरासरी सतरावर गेली. हे आकडे अत्रेय यांच्याच अभ्यासातले आहेत, 2011 साली प्रसिद्ध झालेले. कारण समजायला पुस्तक लागत नाही. ठाण मांडून बसलेलं जनावर माणसाचं येणं-जाणं ओळखून असतं, टाळून असतं. ते उचललं की त्याच्या जागेवर दुसरी तरणी, आडदांड जनावरं भांडायला येतात. आणि उचललेलं जनावर अनोळखी मुलखात, कदाचित पिंजऱ्याच्या सळयांवर दात मोडून घेतलेलं, माणसाला पिसाळलेलं, दुसऱ्याच्या गावाशेजारी उतरवलं जातं. ती गावं कुणाची? तीही आपल्यासारख्यांचीच.

शिवाय उचलून नेलेलं जनावर सोडलं तिथं राहत नाही. 2009 साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा नर काढला, गळ्यात रेडिओ कॉलर घातली आणि आमच्या माळशेज घाटात सोडला. 'आजोबा' म्हणून पुढं त्याच्यावर मराठी सिनेमाही निघाला. तो घाटात थांबला नाही. रेल्वेचे रूळ, हायवे, खाडी ओलांडत सुमारे सव्वाशे किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत त्यानं एकाही माणसाला ओरखडा काढला नाही.

माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, पकडलेली जनावरं तिथं ठेवतात. तिथले डॉक्टर आणि कामगार करतात त्या कामाला तोड नाही. पण तालुक्यातला प्रत्येक बिबट्या आयुष्यभर पोसायचा म्हटलं तर तिथं धरणाएवढी जागा केली तरी पुरायची नाही. नसबंदीचा प्रयोगही आमच्याच भागात करायला केंद्रानं परवानगी दिलीय. करून बघावा, माझी हरकत नाही. फक्त मादीची पिल्लं बंद झाली म्हणून तिची भूक बंद होत नाही, आणि पुढची आठ-दहा वर्षं ती त्याच उसात आहे.

आता पिंपरखेड. त्यावर न बोलता हा विषय मांडणं लबाडीचं होईल. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या त्या टापूत काही आठवड्यांत दोन लेकरं आणि एक म्हातारी गेली. लोकांनी वन खात्याची गाडी जाळली, पुणे-नाशिक रस्ता अडवला. नंतर खात्याच्या माणसांनी बिबट्याला गोळी घातली. माझं त्याला समर्थन आहे. जे जनावर माणसावर चालून यायला शिकलं ते काढलंच पाहिजे, लवकर काढलं पाहिजे, आणि तिथं प्राणिप्रेम मध्ये आणू नये. त्यासाठी कायदा बदलायची गरज मात्र मला दिसत नाही. बिबट्याला पहिल्या अनुसूचीतून काढा अशी ओरड चाललीय. पण 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमात, माणसाच्या जिवाला धोकादायक झालेल्या अशा जनावराला मारायची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. कमतरता असेल तर ती त्या कागदाच्या वेगाची आणि ठसे ओळखून नेमकं जनावर शोधणाऱ्या माणसांची आहे.

कुणी म्हणेल, पिंपरखेडला हल्ले रात्री दाऱ्यावर झाले नव्हते, मग दिवसाच्या विजेचं काय घेऊन बसलात? बरोबर आहे. बिघडलेल्या एका जनावराला फीडरचं, म्हणजे शेतीच्या वीजवाहिनीचं, वेळापत्रक बदलून आळा बसणार नाही, त्याला बंदूकच लागते. पण बिघडलेली जनावरं थोडी असतात. न बिघडलेली आणि माणसाच्या रोज आसपास वावरणारी पुष्कळ. त्यांची आणि आपली गाठ किती वेळा, कुठल्या अंधारात पडू द्यायची, हे आपल्या हातात आहे. त्या दिवसांत शिवारातल्या बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जात होत्या. धनगराच्या कुत्र्याला घालतात तसला पट्टा. त्यांचे फोटो देशभर फिरले, लोकांनी हळहळ व्यक्त केली. मला त्या फोटोत एक गोष्ट दिसली. बाईनं आपल्या परीनं उपाय शोधला होता, स्वतःच्या खर्चानं, आणि कामावर गेली होती. सरकारचा उपाय अजून चर्चेत होता.

रात्रीची वीज द्यायचं कारण एके काळी खरं होतं. दिवसा कारखाने आणि शहरं वीज खेचत, रात्री मागणी उतरे, तेव्हा शेतीपंप चालवा, म्हणजे निर्मिती केंद्रांवर ताण पडत नाही, असा तो हिशेब. मीही नोकरीत लोकांना हेच समजावून सांगायचो. आता दिवस फिरलेत. राज्यभर सौरऊर्जा आली, भर दुपारी वीज मुबलक आणि स्वस्त असते, उद्योगांना दिवसा वीज वापरा म्हणून दरात सवलत द्यायची वेळ आली. ओढाताण होते ती सूर्य मावळल्यावर. म्हणजे शेतकऱ्याला अंधारात उतरवायचं जुनं कारण उरलं नाही. सवय तेवढी उरली.

सवयीखेरीज एक खरी अडचण आहे आणि ती सभेत कुणी सांगत नाही. खेड्यातल्या सबस्टेशनला एक किंवा दोन मोठे ट्रान्सफॉर्मर असतात. सगळे शेती फीडर एकदम दिवसा चालू केले तर त्यांचा भार त्या ट्रान्सफॉर्मरला झेपत नाही. म्हणून गट पाडतात, अर्धे दिवसा, अर्धे रात्री. तेव्हा 'दिवसा वीज द्या' या मागणीचा तांत्रिक अर्थ आहे एक जादा ट्रान्सफॉर्मर, थोडी जाड तार, आणि सबस्टेशनच्या जवळ सौर प्रकल्पाला जागा. सौर कृषी वाहिनी योजना 2017 पासून आहे, 2023 पासून तिची दुसरी आवृत्ती चालू आहे, आणि तिचा हेतूच दिवसा वीज देणं हा आहे. काही गावांना ती मिळालीय. माझं मागणं एवढंच, की क्रम लावताना जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर ही नावं वर घ्या. जिथं गायरान सहज मिळालं तिथं प्रकल्प आधी, असं न करता जिथं अंधारात जीव जातो तिथं आधी. आणि प्रकल्प उभा राहीपर्यंत दोन गटांना दिवसाच चार-चार तास वाटून द्या. चार तासांत पाणी कमी बसेल, ऊस थोडा वाळेल. शेतकरी कुरकुरेल. मीही कुरकुरेन, पण दिवसा.

हल्ल्याची नोंद वन खात्याकडे असते, फीडरच्या वेळेची नोंद वीज कंपनीकडे. गेल्या दहा वर्षांतल्या प्रत्येक हल्ल्याची तारीख आणि वेळ घ्या, त्या शिवारात त्या वेळी कुठली पाळी होती ते समोर लिहा. दोन कारकून आणि एक आठवडा पुरेल. कुठल्या फीडरला आधी हात घालायचा ते त्या कागदावरच दिसेल.

ऊसतोडीचं वेगळं. दिवाळी झाली की बीड, पाथर्डी, चाळीसगावकडून टोळ्या येतात. रानाच्या कडेला पाचटाच्या कोप्या पडतात. पहाटे चारला कोयता चालू होतो आणि लेकरू बांधावर गोधडीत झोपवलेलं असतं, किंवा सात-आठ वर्षांची बहीण त्याला राखत बसलेली. एकीकडे फड तोडून बिबट्याचं घर मोडत जायचं आणि त्याच कडेला आपली पोरं ठेवायची. तोडीत पिल्लं सापडतात, ती आता पेटीत घालून रात्री त्याच जागी ठेवतात, मादी येऊन घेऊन जाते. हे काम वन खातं आणि माणिकडोहची मंडळी फार चांगलं करतात. गावातल्या पोरांनी सेल्फीसाठी पिल्लू घरी नेणं आता पुष्कळ कमी झालंय. पण माणसाच्या पिल्लाची सोय मात्र मुकादमावर सोडलेली. शेतकरी म्हणतो कारखान्याचं काम, कारखाना म्हणतो मुकादमाचं, मुकादम म्हणतो मी काय देऊ. तोडणीच्या करारात एवढंच घाला: कोपीच्या अड्ड्यावर सिंगल फेजचं कनेक्शन आणि दोन दिवे, पत्र्याची बंद खोली, आणि फडावर लेकरं राखायला पगारी बाई. अड्ड्यापर्यंत केबल ओढायला वायरमनचा अर्धा दिवस जातो, मी हिशेबानं सांगतो.

कुत्र्यांचं आणि मेलेल्या कोंबड्यांचंही आपल्यावरच येतं. पोल्ट्रीवाला मर झाल्यावर पोतं ओढ्यात टाकतो, त्यावर कुत्री जमतात, कुत्र्यांवर बिबट्या. खड्डा घेऊन पुरायला जेसीबीचं भाडं लागतं, म्हणून कुणी पुरत नाही. ग्रामपंचायतीनं यावर दंड लावल्याचं मी ऐकलं नाही, कारण पोल्ट्रीवाले बहुधा सदस्यांचेच भाऊबंद. असो.

शहरातले काही भले लोक आम्हाला अकोल्याच्या आदिवासी पट्ट्यातल्या वाघबारशीची आठवण करून देतात. तिथं वसुबारसेच्या दिवशी वाघोबाला नैवेद्य दाखवतात, तुम्हीही तसं समजून घ्या म्हणतात. त्या रिवाजाबद्दल मला आदर आहे. पण तो डोंगराकडच्या माणसाचा, पिढ्यान् पिढ्या वाघाशेजारी गुरं राखणाऱ्याचा आहे. आम्ही कालव्याखालची माणसं. आमच्याकडे ऊस आला, त्यामागून बिबट्या आला, त्याचं देऊळ बांधायला आम्हाला वेळ मिळाला नाही. आमच्यापुढं कारखान्याची तोड आणि सोसायटीचं कर्ज आहे. नैवेद्य मागू नका, आमच्याकडून दाराला कडी, गोठ्याला वरून जाळी आणि रात्री शौचाला बाहेर न जाणं एवढं मागा. ते आम्ही करू, बरेचजण करतातही. धनगर सुद्धा आता मेंढ्यांच्या वाघरीभोवती सौर दिवे लावायला लागलेत.

आमच्या सबस्टेशनच्या आवारात जादा ट्रान्सफॉर्मरसाठी काँक्रीटचं जोतं मी नोकरीत असतानाच बांधून झालेलं आहे. त्यावर सध्या जुने लोखंडी खांब रचून ठेवलेत. गावाच्या नव्या अर्जात मी त्या जोत्याची लांबी-रुंदीही लिहून दिलीय, म्हणजे जागा नाही असं उत्तर येणार नाही.